दोन खोल्या की गाडी

हळूभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते काचेपलीकडे. तेव्हा मी परदेशी गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिनाचं काम करायचो. ग्राहकांच्या बसायच्या खोलीतून आमचं वर्कशॉप दिसावं म्हणून मधे एक भिंतभर काच बसवलेली होती. मालक लोक तिथे कॉफी पीत मासिकं चाळायचे, ड्रायव्हर मंडळी फाटकाबाहेर सिगारेटी फुंकत गप्पा हाणायची. हा एकच ड्रायव्हर असा होता की गाडी आत गेली की काचेशी येऊन उभा राहायचा आणि ती बाहेर येईपर्यंत हलायचा नाही. त्या खोलीत ड्रायव्हरांनी बसायचं नाही असा नियम होता. उभं राहायला मनाई आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून हे गृहस्थ चार-चार तास उभे. आम्ही एखादा नट जरा जोरात आवळला की त्यांच्या कपाळाला आठी पडलेली काचेतून दिसायची.

साठच्या वर गाडी न्यायची नाही हा त्यांचा शिरस्ता. त्यावरून आमच्यातल्याच कुणीतरी त्यांचं नाव हळूभाऊ पाडलं आणि ते चिकटलं. 'दोनशे ऐंशी घोड्यांचं इंजिन आहे, आणि हा बाबा सगळ्यांना तबेल्यात बांधून ठेवतो,' असं आमचा रंगारी म्हणायचा. पण त्याला कारण होतं. गाडीचे मालक शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. सकाळपासून सहा-सात तास टेबलाशी उभं राहून ते मागच्या सीटवर येऊन बसायचे ते डोळे मिटूनच. घर येईपर्यंतची चाळीस मिनिटं त्यांना झोप मिळावी, यासाठी हळूभाऊंना रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठ होता.

ती गाडी कशी होती ते सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. चार लिटरचं, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बत्तीस वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह. लांबी पाच मीटरच्या वर, रिकाम्या गाडीचं वजन साडेअठराशे किलो. पेट्रोलची टाकी नव्वद लिटरची आणि इंजिनात एका वेळी आठ लिटर ऑइल. चारही चाकांवर लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे, त्यामुळे गाडी चालायची नाही, तरंगायची. खिडक्यांना दुहेरी काचा. दार नुसतं टेकवलं की उरलेलं बोटभर अंतर ते आपलं आपण ओढून घ्यायचं, आवाज न करता. 'हिचं दार आपटताच येत नाही,' हळूभाऊ कौतुकानं सांगायचे, 'कितीही राग येऊ द्या.'

अशी गाडी नवी असते तेव्हा राणी असते. म्हातारी झाली की तिची दुखणीही राजघराण्यातलीच असतात. आठ-दहा वर्षांत फुग्यांच्या रबराला बारीक चिरा पडतात, मग रात्रभरात हवा निघून जाते आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली सापडते. ती हवा भरून काढता काढता कंप्रेसर जळतो. इंजिनाच्या उष्णतेनं वायरींवरचं आवरण बिस्किटासारखं भुरभुरतं. पाण्याची प्लॅस्टिकची टाकी शिवणीवर फुटते. गिअरबॉक्सचं ऑइल जन्मभर बदलायला नको असं कंपनीचं पुस्तक सांगतं, पण जन्म कुणाचा, गाडीचा की गिअरबॉक्सचा, ते सांगत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे टायमिंग चेन. इंजिनातले वॉल ठरल्या क्षणी उघडावेत-मिटावेत म्हणून एक लांबलचक साखळी फिरत असते, आणि तिनं वाट सोडू नये म्हणून तिच्या कडेला प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्यांना आम्ही गाइड म्हणतो. उकळत्या तेलात वर्षानुवर्षं राहून त्या ठिसूळ होतात. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की दोन सेकंद खडखड ऐकू येते आणि थांबते. ज्याचे कान तयार आहेत त्याला तेवढ्यात समजतं. ज्याला समजत नाही, त्याची गाइड एक दिवस तुटते, साखळी उडी मारते, पिस्टन जाऊन वॉलवर आदळतात आणि इंजिनाचा निकाल लागतो.

हळूभाऊंनी ती गाडी एकोणीस वर्षं चालवली. डॉक्टरांच्या बंगल्यामागे दोन खोल्या होत्या, तिथे ते, वहिनी आणि त्यांची मुलगी अशी तिघं राहायची. पुढच्या खोलीत खिडकीशी वहिनींचं शिलाई मशीन होतं. आजूबाजूच्या बंगल्यांतले पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश त्या शिवायच्या. मागच्या फाटकातून बायका ये-जा करायच्या. अंगणात नळ होता. मुलगी तिथेच शिकली, परीक्षा देऊन प्रयोगशाळेत कामाला लागली आणि दुसऱ्या गावी गेली. एकूण त्यांचं बरं चाललं होतं. ते मला अधूनमधून घरी चहाला बोलवायचे आणि चहा होता होता अंगणात नेऊन बोनेट उघडायचे. वहिनी आतून म्हणायच्या, 'भाऊजी, चहा इथे पिणार की सवतीकडे पाठवू?'

मग डॉक्टर निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांना आजारानं गाठलं. त्यांची बायको आधीच गेली होती. मुलगा आणि मुलगी दोघंही परदेशात. एका दुपारी त्यांनी हळूभाऊंना आत बोलावलं. हे मला हळूभाऊंनी स्वतः सांगितलं, आणि पुढे वहिनींनीही सांगितलं, म्हणून मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

डॉक्टर म्हणाले, "माझ्यामागे मुलं बंगला विकणार. तू इतकी वर्षं केलंस, तुला काहीतरी हक्काचं मिळालं पाहिजे. मागच्या दोन खोल्यांना फाटक वेगळं आहे, त्या तुझ्या नावावर करता येतील. नाहीतर गाडी घे. दोन्ही द्यायला मुलं तयार नाहीत, मी विचारून पाहिलं. सावकाश सांग."

"गाडी," हळूभाऊ म्हणाले.

"अरे, घरी विचार तरी."

"विचारायचं काय त्यात? गाडी."

मी त्यांना नंतर विचारलं होतं, असं कसं बोलून गेलात? ते म्हणाले, "तिच्यात दुसरा कुणी बसलेला माझ्या डोळ्यांसमोर आला. सीट मागे सरकवतोय, आरसा फिरवतोय. मग तोंडातून निघूनच गेलं."

पंधरवड्यानं डॉक्टर गेले. मुलं आली, कागदपत्रं झाली. गाडी हळूभाऊंच्या नावावर चढली आणि खोल्या सोडायला महिन्याची मुदत मिळाली. वहिनींना कळलं ते तेव्हा.

गावाच्या कडेला एका अरुंद गल्लीत त्यांनी भाड्यानं एक खोली घेतली. वरचा मजला, उत्तरेकडे खिडकी, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा ओवता यायचा नाही. जुन्या गिऱ्हाइकांना हे अंतर लांब पडू लागलं. कामं एकेक करून तुटली, तशा वहिनी एका शिवणकामाच्या कारखान्यात जाऊ लागल्या. दिवसभर बाह्याच जोडायच्या. 'पूर्ण झगा शेवटचा कधी शिवला ते आठवत नाही,' असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

आणि गल्लीत ती गाडी. खालच्या दोन दुकानदारांच्या पायऱ्या अडवून, भिंतीला चिकटून, ताडपत्रीखाली उभी. शेजारी कुरकुरायचे. कुणी ताडपत्रीवर कचरा टाकायचं, कुणी आरशाला धक्का देऊन जायचं. समारंभांना, पाहुण्यांना आणायला-सोडायला गाडी भाड्यानं द्यायची असा हळूभाऊंचा बेत होता. सुरुवातीला दहा-बारा फेऱ्या मिळाल्याही. काळी, लांब, चकचकीत गाडी आणि साठच्या वर न जाणारा ड्रायव्हर, लोक खूश व्हायचे. पण गाडीचं वय लपत नाही. आधी डॅशबोर्डवरचे आकडे अर्धे पुसले गेले. वेग दाखवायचा तर आठ आणि तीन सारखेच दिसायचे. मग मागच्या डाव्या खिडकीची काच दाराच्या पोटात पडली. मग वायरिंग.

आमचं सर्व्हिस सेंटर तोवर बंद पडलं होतं आणि मी माझी स्वतःची शेड टाकली होती. हळूभाऊ दर आठवड्या-पंधरवड्याला हजर. मी जमेल तसं निभावून न्यायचो. मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग शोधायचो, वायरींना हातानं नळ्या चढवायचो. ते शेजारी उभे राहून टॉर्च धरायचे, आता काच नव्हती मधे. "जरा हलक्या हातानं," एवढंच बोलायचे.

एकदा एका घरातल्या आजोबांना दवाखान्यातून घरी आणायचं काम त्यांना मिळालं. आजोबांना हिसका बसता कामा नये, म्हणून मुद्दाम ही गाडी ठरवलेली. दवाखान्याच्या दारात सगळं कुटुंब फुलं घेऊन उभं, आणि गाडीचा पुढचा उजवा फुगा तिथेच फुटला. मोठा उसासा टाकावा तसा आवाज झाला आणि गाडी सर्वांसमोर गुडघ्यावर बसली. चाकावर मडगार्ड टेकलं. आजोबांना शेवटी साध्या टॅक्सीत घालून नेलं. त्यांची सून जाताना म्हणाली, "काका, तुम्हाला माहीत होतं ना ही अशी आहे? मग कशाला हो म्हणालात?" हे सांगताना हळूभाऊ माझ्या शेडमध्ये टायरवर बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

त्यानंतर भाड्याचं काम बंदच झालं. तरी रोज सकाळी ते खाली उतरायचे, ताडपत्री काढायचे, गाडी पुसायचे आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. वरून वहिनी कारखान्यात जायला निघायच्या. त्यांना बसस्टॉप वीस मिनिटांच्या अंतरावर. हळूभाऊ म्हणायचे, "सोडू का?" त्या म्हणायच्या, "नको, चालायची सवय राहू दे." हा संवाद दोन वर्षं रोज झाला असेल.

त्याच सुमाराला मी ती खडखड ऐकली. गाडी शेडमध्ये रात्रभर होती, सकाळी मी सेल्फ मारला. दोन सेकंद नाही, चांगली पाच-सहा सेकंद.

"हळूभाऊ, ही आता चालू करू नका," मी म्हटलं. "गाइड गेल्यात. इंजिन पुढून पूर्ण उघडावं लागेल. भाग मिळवायलाच दोन महिने जातील."

"दोन महिने इथे ठेवायची?"

"मग कुठे?"

त्यांनी मान हलवली. "नंतर बघू. मी फार चालवत नाहीच."

ओढून न्यायला गाडी बोलावतो म्हटलं, तर ऐकेनात. हळूहळू चालवत घरी घेऊन गेले. मी हात टेकले.

तीन आठवड्यांनी, सकाळी, गल्लीतच ते झालं. ताडपत्री काढली, सीटवर बसले, किल्ली फिरवली. शेजारच्या दुकानदारानं मला नंतर सांगितलं की आत कुणीतरी भांड्यांची मांडणी खाली ओढली असं वाटलं. मग सगळं गप्प. हळूभाऊंनी पुन्हा किल्ली फिरवली, तिसऱ्यांदाही फिरवली. वहिनी जिन्यात उभ्या होत्या, डबा हातात. त्या थोडा वेळ थांबल्या आणि मग बसस्टॉपच्या दिशेनं चालू लागल्या.

गाडी ओढून माझ्याकडे आणली. मी खालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. गाळात तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे पडले होते, पडलेल्या दातांसारखे. इंजिनाची वरची झाकणं, म्हणजे दोन्ही हेड, काढली तेव्हा नऊ वॉल वाकलेले आणि एका पिस्टनच्या डोक्याला भोक. हळूभाऊ टॉर्च धरून उभे होते.

"होईल का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मग एकदम त्यांचा बांध फुटला. इतक्या वर्षांत हा माणूस चढ्या आवाजात बोललेला मी ऐकला नव्हता.

"ही म्हणते तेच खरं! पहिल्या दिवसापासून म्हणतेय. डॉक्टरांनी सडका माल माझ्या गळ्यात मारला. त्यांना माहीत होतं. तुम्हा लोकांनाही माहीत असणार. एवढी मोठी सर्व्हिस सेंटरं, एवढी कॉम्प्युटरं, आणि एकानंही सांगू नये? मी मूर्ख ड्रायव्हर, मला काय कळतंय! एकोणीस वर्षं त्या माणसाला झोपवत घरी नेलं मी."

इथे माझं चुकलं. ते बोलत होते ते बोलू द्यायला हवं होतं. पण 'तुम्ही लोकांनी सांगितलं नाही' हे मला लागलं. माझ्या कामाबद्दल कुणी बोललं की माझं डोकं फिरतं, आजही फिरतं. सर्व्हिस सेंटर बंद झालं तेव्हा तिथली दुरुस्तीच्या नोंदींची जुनी जॉबकार्डं रद्दीत चालली होती. गाड्यांचा इतिहास कामाला येईल म्हणून मी तीन खोकी उचलून आणली होती. मी हात पुसले, माळ्यावर चढलो, खोकं खाली घेतलं आणि त्या गाडीची फाइल शोधून काढली.

कार्ड दहा वर्षांपूर्वीचं होतं. किलोमीटर एक लाख बहात्तर हजार. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'सकाळी चालू करताना खडखड. टायमिंग चेनच्या गाइड बदलणे आवश्यक. गाडी नऊ दिवस ठेवावी लागेल.' त्याखाली ग्राहकाच्या रकान्यात, दुसऱ्या अक्षरात, 'आत्ता नको. साहेबांशी बोलून कळवतो.' आणि सही.

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. डॉक्टरांची सही असेल असं मलाही वाटत होतं. त्यांनी ते टॉर्चच्या उजेडात धरलं. आणि मग त्यांचा चेहरा पाहून मी कार्ड परत घेतलं, आणि पाहिलं. सही हळूभाऊंची होती.

"तुम्ही डॉक्टरांशी बोललात?" मी विचारलं.

"नाही."

"विसरलात?"

"नाही." ते टायरवर बसले. "आदल्या वर्षी गाडी पाच दिवस तुमच्याकडे होती. आठवतंय? तेव्हा साहेबांना भाड्याची गाडी लावली. तिच्यावर एक तरणा ड्रायव्हर होता. पाचव्या दिवशी साहेब मला सहज म्हणाले, पोरगा चटपटीत आहे, वीस मिनिटांत घरी पोचवतो. तेवढंच म्हणाले. हसत म्हणाले." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "नऊ दिवस, भाऊ. नऊ दिवस तो पुन्हा आला असता. मी म्हटलं, आवाज दोन सेकंदांचा तर आहे. सुट्टीत बघू. मग साहेब सुट्टीवर गेलेच नाहीत. आणि नंतर मला तो आवाज ऐकू येईनासा झाला. रोजचाच झाला ना."

मी कार्ड फाइलमध्ये घातलं आणि फाइल खोक्यात. "जाऊ द्या," असं काहीतरी पुटपुटलो.

दुसऱ्या दिवशी वहिनी शेडवर आल्या. कारखान्याची अर्धी सुट्टी टाकून आल्या होत्या. गाडीच्या पुढच्या भागात इंजिनाच्या जागी नुसती लोखंडी खोकी आणि लोंबणाऱ्या वायरी. त्या बाजूनं फिरल्या, आत डोकावल्या, आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही खरं सांगाल. डॉक्टरांनी मुद्दाम दिली ना? ठाऊक असून?"

मी हळूभाऊंकडे पाहिलं नाही. पण मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"मी सही केली होती. दुरुस्ती नको म्हणून. दहा वर्षांपूर्वी. साहेबांना सांगितलंच नाही."

वहिनी थोडा वेळ हिशेब लावत असाव्यात. मग म्हणाल्या, "तो दुसरा ड्रायव्हर आला होता, त्याच्या पुढच्या वर्षी?"

"तुला कसं माहीत?"

"तुम्ही आठवडाभर धड जेवला नव्हतात. मला माहीत नसणार?" त्यांनी पदरानं बोनेटच्या कडेवरचा तेलाचा ओघळ उगाचच पुसला. "सहीचं जाऊ द्या. ते मला समजतं. पोटासाठी माणूस घाबरतो. मीही असते तर तेच केलं असतं."

हळूभाऊंनी मान वर केली. त्यांना वाटलं, सुटलो. मलाही वाटलं.

"पण डॉक्टरांनी खोल्या की गाडी विचारलं," त्या म्हणाल्या, आवाज मुळीच न चढवता, "तेव्हा मी कुठे होते? अंगणात. भाजी निवडत होते. दहा पावलं असतील. त्यांनी सांगितलं होतं, घरी विचार म्हणून. तुम्ही दहा पावलं आला नाहीत."

वहिनींनी मला विचारलं, "हिचं आता काय होतं?" मी सांगितलं, भाग सुटे करून विकायचे, बाकी भंगारात. "मग तसं करा," त्या म्हणाल्या आणि कारखान्याची वेळ झाली म्हणून निघाल्या.

गाडी सुटी करायला तीन आठवडे लागले. ते काम हळूभाऊंनी माझ्याबरोबर स्वतः केलं. मी नको म्हटलं होतं. सीट काढल्या, आतलं कातडं अजून मऊ होतं. मागचे दोन्ही फुगे चांगले निघाले, गिअरबॉक्स चांगला निघाला, दुहेरी काचा एकही चरा नसलेल्या. प्रत्येक भागाला ते चिठ्ठी बांधायचे, डावा-उजवा लिहायचे, आणि जुन्या चादरीत गुंडाळून ठेवायचे. लांबलांबून लोक आले आणि एकेक घेऊन गेले. शेवटी सांगाडा उरला, तो क्रेनवाला घेऊन गेला. त्या दिवशी हळूभाऊ शेडवर आले नाहीत.

पुढच्या वर्षी मुलीला बाळ झालं आणि वहिनी तिच्या मदतीला गेल्या. आधी दोन महिन्यांसाठी, मग बाळ चालायला लागेपर्यंत, मग ते शाळेत जाईपर्यंत. मुलीच्या घरात पूर्वेला खिडकी आहे. तिथे त्यांनी मशीन मांडलंय आणि पुन्हा शिवायला लागल्यात, असं कळलं. भांडण नाही, काही नाही. दर रविवारी फोन असतो. औषध घेतलं का, नळाचं काम केलं का. हळूभाऊ तिकडे एकदा जाऊन आले. चार दिवस राहिले. "पाहुण्यासारखं ठेवलं हो," म्हणाले. "उत्तम ठेवलं."

आता ते एका बाजारपेठेतल्या सात मजली पार्किंगमध्ये कामाला आहेत. लोक गाडी दारात सोडून किल्ली देतात, हळूभाऊ ती लिफ्टपर्यंत नेतात, वर चढवतात, रांगेत लावतात. दिवसाला साठ-सत्तर गाड्या, प्रत्येक पंचवीस-तीस मीटर. कुठल्याही गाडीत ते सीट मागे-पुढे करत नाहीत, आरशाला हात लावत नाहीत. गुडघे स्टिअरिंगला टेकले तरी तसेच अवघडून बसतात. त्यांचा मुकादम मला म्हणाला, फार हळू करतो काम, पण अजून एकाही गाडीला ओरखडा नाही.

मी महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना भेटायला जातो. गाडीचा विषय आम्ही काढत नाही. त्या कार्डाबद्दल मी एकदा माफी मागायचा प्रयत्न केला होता. ते म्हणाले, "तुम्ही दाखवलंत ते बरं केलंत. नाहीतर मी मेलेल्या माणसाला शिव्या देत बसलो असतो." बोलले ते असं, पण मला अजून ठरवता आलेलं नाही. शिव्या देत बसले असते, तर कदाचित ते वहिनींना पटलं असतं, आणि दोघं मिळून त्या डॉक्टरांवर चिडत एका खोलीत राहिले असते. असा विचार मनात येतो आणि मी तो झटकतो.

गेल्या थंडीत मी तिथे बसलो होतो तेव्हा त्यांना फोन आला. डॉक्टरांच्या मुलाचा, परदेशातून. बऱ्याच वर्षांनी आठवण झाली होती. फोनमधला आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता. कसे आहात, वहिनी कशा आहेत, मुलगी काय करते. मग त्यानं विचारलं, "आणि गाडी? आहे का अजून?"

हळूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"आहे की. मस्त चालते."

"खरंच? बाबांना फार बरं वाटलं असतं ऐकून."

"हो ना," हळूभाऊ म्हणाले.

फोन ठेवून ते उठले. दारात एक पांढरी गाडी येऊन थांबली होती आणि तिची मालकीण किल्ली पुढे करून उभी होती. त्यांनी किल्ली घेतली, चिठ्ठी फाडून दिली आणि गाडी लिफ्टकडे घेऊन गेले. मी थोडा वेळ वाट पाहिली. खाली आले ते दुसरीच गाडी घेऊन, दारात आणखी तीन गाड्या रांगेत उभ्या होत्या, म्हणून मी हात हलवून निघालो.